आज्ञा की अनुज्ञा? अस्थिशोषक पेशींच्या घडणीविषयी एक संवाद

अस्थिशोषक पेशी, म्हणजेच ऑस्टिओक्लास्ट, ही हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसणारी आणि एकाच आवरणात अनेक केंद्रके बाळगणारी मोठी पेशी आहे. ती आपल्या तळाच्या कडांनी हाडाला घट्ट धरते, त्या कड्याच्या आत एक बंदिस्त पोकळी तयार करते, पोकळीत आम्ल सोडून हाडातील कॅल्शियमचे क्षार विरघळवते आणि मागे उरलेले कोलॅजेनचे तंतू कॅथेप्सिन-के नावाच्या विकराने तोडते. ती पुढे सरकली की तेथे एक उथळ खळगा राहतो आणि तो खळगा पुढे अस्थिजनक पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, नव्या हाडाने भरून काढतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी या रीतीने मोडून पुन्हा बांधला जातो. मोडणे बांधण्यापेक्षा वरचढ झाले तर हाडे पोकळ होतात. मोडणे अजिबात थांबले तर ती दगडासारखी भरीव होतात, मज्जेला जागा उरत नाही, आणि अशी भरीव हाडेसुद्धा ठिसूळच असतात.

आल्बर्ट फॉन क्योलिकर यांनी १८७३मध्ये या पेशींना नाव दिले, पण त्या येतात कोठून हे कळायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या तयार स्वरूपात रक्तात फिरत नाहीत. महाभक्षी पेशी, म्हणजे जंतू आणि मृत पेशी गिळून शरीर साफ ठेवणाऱ्या पेशी, ज्या कुळात जन्मतात त्याच कुळातील एककेंद्रकी पूर्वपेशी हाडाजवळ येतात, तेथे काही रासायनिक संदेश मिळाल्यावर त्यांचे स्वरूप पालटते, आणि मग त्या एकमेकींत विलीन होऊन एकच बहुकेंद्रकी पेशी बनते. मतभेद आहे तो या संदेशांच्या स्वरूपाबद्दल. एक मत असे, की एकच संदेश ही पेशी घडवतो आणि बाकी सारे त्याचे सहायक आहेत, म्हणजे तो संदेश ही आज्ञा आहे. दुसरे मत असे, की संदेश केवळ अनुज्ञा देतो. त्या अनुज्ञेचे काय करायचे हे ऐकणाऱ्या पेशीची अवस्था, तिचा पूर्वेतिहास आणि तिच्यावरचे निर्बंध ठरवतात. या लेखात पहिल्या मताला हाडांच्या विकारांवर दीर्घकाळ उपचार केलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचे आणि दुसऱ्या मताला पेशीसंदेशनाचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापिकेचे कल्पित रूप दिले आहे. त्यांच्या तोंडी आलेले पुरावे मात्र प्रत्यक्ष संशोधनातले आहेत.

डॉक्टर : या प्रश्नावर वाद घालण्याजोगे फार थोडे उरले आहे, बाई, कारण तो प्रयोगाने सुटलेला आहे. १९८१मध्ये गिडिऑन रोडन आणि जॉन मार्टिन यांनी एक तर्क मांडला. पॅराथायरॉइड संप्रेरकामुळे हाड झिजते हे माहीत होते, पण त्या संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे त्याला ओळखून पकडणारी प्रथिने, मोडणाऱ्या पेशींवर नव्हे तर बांधणाऱ्या पेशींवर सापडत होती. तेव्हा मोडण्याचा निरोप बांधणाऱ्यांकडूनच जात असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९८८मध्ये टोकियोत तात्सुओ सुदा यांच्या गटाने हाच तर्क प्रयोगशाळेतल्या बशीत तपासला. उंदराच्या प्लीहेतील पेशी आणि अस्थिजनक पेशी एकत्र वाढवून त्यांना ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप दिले की अस्थिशोषक पेशी तयार होत. दोहोंमध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा घालून स्पर्श तोडला की एकही तयार होत नसे. म्हणजे निरोप द्रवात विरघळून जात नव्हता, तो अस्थिजनक पेशीच्या अंगावर चिकटलेला होता. पुढची दहा वर्षे त्या अज्ञात रेणूचा पाठलाग झाला आणि १९९८मध्ये तो हाती लागला.

प्राध्यापिका : हाती लागला तो कसा, हेही सांगायला हवे, डॉक्टर. आधी सापडला तो लगाम. १९९७मध्ये अमेरिकेतील ॲमजेन आणि जपानमधील स्नो ब्रँड या दुग्धव्यवसायातल्या कंपनीच्या संशोधकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अस्थिशोषक पेशींची घडण रोखणारे एक प्रथिन ओळखले. ते प्रथिन ज्या उंदरांमध्ये भरपूर तयार होईल अशी तजवीज केली त्यांची हाडे भरीव झाली, म्हणून त्याला ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे हाडांचा रक्षक, असे नाव पडले. हा रक्षक कोणाला पकडतो हे पाहण्यासाठी त्यालाच गळाला लावले, तेव्हा तो निरोप वर आला. आणि निरोप वर आला तेव्हा लक्षात आले, की रोगप्रतिकार यंत्रणेच्या अभ्यासकांनी तो आधीच पाहिला होता आणि त्याला आपापली नावेही दिली होती. एकाच रेणूला चार नावे पडली. आज रूढ आहे ते रँक-एल, म्हणजे रँक नावाच्या ग्राहीत नेमका बसणारा रेणू. प्रयोगशाळांना तो वेगवेगळ्या वाटांनी सापडला होता, म्हणून ही चार नावे.

डॉक्टर : नावे कितीही असोत, परिणाम एक आहे. पूर्वपेशींना जगवणारा एम-सीएसएफ हा घटक आणि रँक-एल हे दोनच रेणू बशीत घातले, तर अस्थिजनक पेशींची गरज उरत नाही; काही दिवसांत अस्थिशोषक पेशी तयार होतात. १९९९मध्ये रँक-एलचे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्माला आले. त्यांच्या हाडांत अस्थिशोषक पेशी मुळीच नव्हत्या, हाडे भरीव होती आणि जबड्याचे हाड मोकळे न झाल्याने दात हिरडीबाहेर येत नव्हते. आता याची तुलना एम-सीएसएफ निर्माण करू न शकणाऱ्या उंदरांशी करावी. त्यांची हाडेही जन्मतः भरीव असतात, पण वय वाढते तशी ती सुधारतात, कारण त्या घटकाचे काम दुसरे रेणू काही प्रमाणात उचलतात. रँक-एलचे काम उचलणारा कोणी नाही. ज्याच्यावाचून एकही पेशी तयार होत नाही आणि ज्याला पर्याय नाही, त्याला आज्ञा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

या मुद्द्याला डॉक्टरांनी माणसांचा पुरावा जोडला, आणि तो या साऱ्या वादातील सर्वांत बोलका पुरावा आहे. हाडे भरीव होण्याच्या जन्मजात विकाराला ऑस्टिओपेट्रोसिस म्हणतात. डोनाल्ड वॉकर यांनी १९७०च्या दशकात असा विकार असलेल्या उंदरांना निरोगी उंदरांची मज्जा व प्लीहेतील पेशी देऊन त्यांची हाडे पूर्ववत करून दाखवली होती, आणि त्यावरून अस्थिशोषक पेशी रक्तपेशींच्या कुळातील आहेत हे प्रथम नीट सिद्ध झाले. १९८०मध्ये अशाच विकाराच्या एका तान्ह्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. रोपणानंतर तिच्या हाडातील अस्थिशोषक पेशींच्या केंद्रकांत वाय गुणसूत्र दिसले, मात्र अस्थिजनक पेशी तिच्या स्वतःच्याच राहिल्या. एका बहिणीच्या हाडात मोडणारे भावाचे आणि बांधणारे तिचे, अशी विभागणी सूक्ष्मदर्शकाखाली उघड झाली. २००७मध्ये मात्र अशी काही मुले वर्णिली गेली ज्यांच्यात रँक-एलच्याच जनुकात बिघाड होता. रँक-एल हा हाडाच्या आसमंतातल्या पेशी बनवतात, मज्जेतील रक्तपेशींचे कूळ नव्हे. त्यामुळे या मुलांना मज्जारोपणाचा उपयोग होत नाही. नव्या पूर्वपेशी हाडाशी येऊन पोहोचतात, पण तेथे त्यांना बोलावणारे कोणी नसते.

प्राध्यापिका : हा पुरावा मान्यच आहे. पण डॉक्टर, एखाद्या गोष्टीवाचून काम अडते म्हणजे तीच गोष्ट काम ठरवते, असे होत नाही. दाराची कडी उघडल्याशिवाय घरात शिरता येत नाही, पण शिरणारा कोण आणि आत जाऊन तो काय करील हे कडी ठरवत नाही. त्याच १९९९ सालच्या उंदरांत आणखी दोन उणिवा होत्या. त्यांना लसिका ग्रंथी नव्हत्या. शिवाय २०००मध्ये असे दिसले, की रँक-एल नसलेल्या मादीच्या स्तनात गरोदरपणी दूध तयार करणारे कोश वाढत नाहीत. म्हणजे गर्भात हाच रेणू लसिका ग्रंथींची जागा तयार करतो, मातेच्या स्तनात दुधाचे कोश वाढवतो आणि हाडाजवळ हाड खाणारी पेशी घडवतो. बाळाच्या दुधासाठी कॅल्शियम लागते आणि ते आईच्या हाडांतून निघते, या दृष्टीने पाहिले तर स्तन आणि हाड यांना जोडणारा हा धागा मन थक्क करणारा आहे. पण शब्द एकच असून तीन पेशी त्याचा अर्थ तीन प्रकारे लावत असतील, तर अर्थ शब्दात आहे की ऐकणारीत?

डॉक्टर : अर्थ ऐकणारीत असेल, तर तो आत शिरून दाखवावा लागेल.

प्राध्यापिका : तेच करायचे आहे. रँक हा ग्राही पेशीच्या आवरणात रुतलेला असतो आणि रँक-एल त्याला बाहेरून भिडला की त्याच्या आतल्या टोकाशी ट्राफ-६ नावाचे प्रथिन येऊन जोडले जाते. ट्राफ-६ हा दुवा आहे; तो पुढे एकाच वेळी अनेक वाटा मोकळ्या करतो. त्यातल्या एका वाटेने एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन केंद्रकात जाते, दुसऱ्या वाटेने सी-फॉस कामाला लागते. ही दोन्ही प्रथिने जनुकांच्या सुरुवातीच्या भागाला चिकटून कोणते जनुक वाचले जावे हे ठरवणारी आहेत. सी-फॉस नसलेल्या उंदरात अस्थिशोषक पेशी बनत नाहीत; तेथे महाभक्षी पेशींची संख्या मात्र वाढलेली दिसते, म्हणजे फाट्यावर आलेली पूर्वपेशी दुसऱ्या रस्त्याला लागते. ट्राफ-६ची हकीकत याहून विचित्र आहे. १९९९मध्ये दोन गटांनी त्याचे जनुक काढलेले उंदीर तयार केले आणि दोन्हींची हाडे भरीव झाली. पण एका गटाला अस्थिशोषक पेशी जवळजवळ दिसल्याच नाहीत, तर दुसऱ्या गटाला त्या दिसल्या, केवळ हाडाला नीट चिकटून खात नव्हत्या. एकच दुवा तोडल्यावर दोन वेगळे निकाल मिळतात तेव्हा साखळी सरळ नसते.

डॉक्टर : तरीही साऱ्या वाटा शेवटी एका ठिकाणी मिळतात. २००२मध्ये हिरोशी ताकायानागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनएफएटीसी-१ हे प्रथिन पुढे आणले. ते एकदा केंद्रकात शिरले की कॅथेप्सिन-केसारखी अस्थिशोषक पेशीची खास जनुके वाचली जाऊ लागतात. इतकेच नव्हे, तर ते स्वतःच्याच जनुकाला चिकटून स्वतःची निर्मिती वाढवते, त्यामुळे सुरुवातीची क्षीण हाक थोड्याच काळात मोठ्या कल्लोळात बदलते. हे प्रथिन नसलेल्या पूर्वपेशी रँक-एल मिळूनही अस्थिशोषक होत नाहीत. याचा अर्थ वर एक आज्ञा आहे आणि खाली तिची अंमलबजावणी करणारा एक अधिकारी आहे.

प्राध्यापिका : त्याच संशोधनात असेही दिसले, की एनएफएटीसी-१ पूर्वपेशीत कृत्रिमरीत्या घातले तर रँक-एल नसतानाही ती पेशी अस्थिशोषक होते. अंमलदार आज्ञेवाचून काम करू शकत असेल, तर आज्ञा हा त्याला उठवण्याचा एक मार्ग ठरतो, तोही एकटा पुरा न पडणारा मार्ग. एनएफएटीसी-१ला केंद्रकात शिरण्यासाठी त्याच्यावरचे फॉस्फेटचे गट काढावे लागतात, ते काम कॅल्सिन्युरिन हे विकर करते, आणि त्या विकराला जागे करण्यासाठी पेशीच्या आत कॅल्शियमची पातळी पुन्हा पुन्हा चढावी-उतरावी लागते. ही लाट केवळ रँकमुळे उठत नाही. त्यासाठी डॅप-१२ आणि एफसी-आर-गॅमा या दोन प्रथिनांमार्फत येणारा दुसरा, सोबतीचा संदेश लागतो. २००४मध्ये ही दोन्ही प्रथिने एकदम काढलेल्या उंदरांत रँक आणि रँक-एल शाबूत असूनही हाडे भरीव झाली.

येथे प्राध्यापिकेच्या युक्तिवादाला माणसातल्या एका दुर्मीळ रोगाने गुंतागुंतीचे वळण दिले, आणि त्या गुंतागुंतीला त्यांनी बगल दिली नाही हे विशेष. नासू-हाकोला हा जपान व फिनलंडमध्ये प्रथम वर्णिला गेलेला आनुवंशिक रोग डॅप-१२च्या, किंवा त्याच्याशी जोडलेल्या एका ग्राहीच्या, जनुकातील बिघाडाने होतो. उंदरांवरून पाहिले तर अशा माणसांची हाडे भरीव व्हायला हवीत. प्रत्यक्षात तरुण वयात मनगट आणि घोट्यांजवळच्या हाडांत पोकळ गाठी होतात, हाडे मोडतात आणि पुढे अकाली स्मृतिभ्रंश येतो, कारण मेंदूतील त्याच कुळातल्या पेशींनाही हे प्रथिन लागते. रुग्णांच्या रक्तातील पूर्वपेशींपासून बशीत अस्थिशोषक पेशी घडवू गेले तर त्या नीट घडत नाहीत, आणि तरी शरीरात हाड झिजते. या विसंगतीने एकसूत्री मताची बाजू अवघड होते हे खरे. पण संदेशांची यादी वाढवली की चित्र आपोआप उलगडेल या समजुतीलाही ती धक्का देते.

डॉक्टर : दवाखान्यातही असेच एक उदाहरण आहे, आणि ते खरे तर माझ्या बाजूचे नाही, हे कबूल केले पाहिजे. अवयवरोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे कॅल्सिन्युरिनलाच अडवतात. बशीत ती औषधे घातली तर अस्थिशोषक पेशींची घडण थांबते. त्या हिशेबाने अशा रुग्णांची हाडे मजबूत व्हायला हवीत, पण रोपणानंतर हाडांची घनता घटते हा नेहमीचा अनुभव आहे. सोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडांचा त्यात वाटा असतोच; परंतु २००५मधील प्रयोगांनी दाखवले, की टॅक्रोलिमसमुळे उंदरात बांधणाऱ्या पेशींचे कामही मंदावते, कारण त्यांनाही तोच एनएफएटीसी-१ लागतो.

प्राध्यापिका : मग निर्बंधांकडे वळू, कारण खरा मुद्दा तेथे आहे. रँक-एलने सी-फॉस जागे होते, आणि सी-फॉस जागे झाले की ते पूर्वपेशीतच इंटरफेरॉन-बीटा हे प्रथिन निर्माण करवते. विषाणूंविरुद्ध लढणारे हे प्रथिन उलटून सी-फॉसचेच प्रमाण घटवते. म्हणजे आज्ञा मानताना पेशी तिला मर्यादाही घालते. या इंटरफेरॉनचा ग्राही नसलेल्या उंदरांची हाडे विरळ होतात. टी-पेशी सोडतात तो इंटरफेरॉन-गॅमा तर ट्राफ-६लाच नष्ट करवतो. आयआरएफ-८ हे आणखी एक प्रथिन पूर्वपेशीत आधीपासून पहारा देत असते. रँक-एल आल्यावर त्याचे प्रमाण उतरावे लागते, तेव्हाच एनएफएटीसी-१ला वाट मिळते, आणि ज्या उंदरात हा पहारेकरी नाही तेथे हाडे अतिशय झिजतात. या निर्बंधांच्या यादीत पुण्याचेही एक काम आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटाने २००३मध्ये दाखवले, की इंटरल्यूकिन-३ हे प्रथिन उंदराच्या पूर्वपेशींवर थेट काम करून रँक-एलने होणारी अस्थिशोषकांची घडण रोखते आणि त्या पेशींना महाभक्षी पेशींच्या वाटेला लावते. हा बदल नंतर इंटरल्यूकिन-३ काढून घेतले तरी फिरत नाही. २०१०मध्ये त्याच गटाने मानवी पेशींवर हा प्रयोग केला तेव्हा घडण तेथेही थांबली, परंतु पेशी महाभक्षी न होता डेंड्रिटिक पेशींकडे, म्हणजे परक्या पदार्थांची ओळख टी-पेशींना करून देणाऱ्या पेशींकडे, वळल्या. रँक-एल दोन्ही ठिकाणी हजर होता. कोणत्या पेशीने कोठे जायचे हे त्याने ठरवले नाही.

पुण्यातील या निष्कर्षाचे मोल असे, की तो फाट्याची कल्पना केवळ उपमा म्हणून सोडत नाही. पूर्वपेशी हे एक अनिर्णीत आयुष्य आहे आणि तिच्यापुढे किमान तीन वाटा आहेत. रँक-एल त्यांतली एक वाट उघडतो, पण दुसरा कोणी आधी येऊन तिचा हात धरू शकतो, आणि एकदा हात धरला की मग उशिरा आलेली हाक तिला ऐकू येत नाही. संदेशाच्या सामर्थ्यापेक्षा त्याच्या वेळेला महत्त्व येते ते इथे.

डॉक्टर : हे सारे पूर्वपेशीच्या बाजूने पाहिलेले चित्र झाले. रोग्याच्या बाजूने पाहिले तर निराळे दिसते. रुमॅटॉइड संधिवातात सांध्याच्या अस्तराला सूज येते आणि शेजारचे हाड कुरतडले जाते. त्या सुजेत टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे कितीतरी दाहकारक रेणू असतात. २०००मध्ये काही संशोधकांनी असा दावा केला, की टीएनएफ एकटाच, रँकला वगळून, अस्थिशोषक पेशी घडवतो. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले, की त्यासाठी रँक-एलची थोडी का होईना पण पूर्वतयारी लागते. हा वाद कसा मिटला ते पाहावे. २००१मध्ये रँक-एल नसलेल्या उंदरांत संधिवात निर्माण केला गेला. सांधे सुजले, लाल झाले, दाहकारक रेणूंची रेलचेल झाली, पण हाड कुरतडले गेले नाही.

प्राध्यापिका : या पुराव्यापुढे मान तुकवावी लागते. २००५मध्ये टीएनएफ आणि टीजीएफ-बीटा एकत्र देऊन रँक आणि ट्राफ-६ यांच्यावाचून अस्थिशोषक पेशी घडवता येतात असे बशीत दिसले, पण जिवंत सांध्यात त्याचे वजन फार नाही, हे मान्य. फक्त इतके जोडायचे, की सांध्यात हा रँक-एल देतो कोण? सुजलेल्या अस्तरातील तंतुजनक पेशी देतात, काही टी-पेशी देतात. आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडणाऱ्या टी-पेशी त्याच वेळी घडण रोखत असतात. निरोगी हाडातही देणारा कोण याचे उत्तर बदलले. तीस वर्षे अस्थिजनक पेशींकडे बोट दाखवले गेले. २०११मध्ये दोन गटांनी दाखवले, की प्रौढ हाडात मुख्य वाटा हाडात गाडल्या गेलेल्या अस्थिपेशींचा, म्हणजे ऑस्टिओसाइटचा आहे, ज्या हाडातील पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक असतात आणि हाडावर पडणारा भार जाणतात. रोडन आणि मार्टिन यांचा तर्क दिशेने बरोबर होता, पत्त्याने थोडा चुकला.

डॉक्टर : पत्ता कोणताही असो, पत्र एकच आहे, आणि पत्र अडवता येते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, रँक-एलचा प्रभाव वाढतो आणि हाडे झिजू लागतात. डेनोसुमॅब हे रँक-एलला पकडून ठेवणारे मानवी प्रतिपिंड आहे. शरीराचा स्वतःचा ऑस्टिओप्रोटेजेरिन जे करतो तेच ते करते. सहा महिन्यांतून एकदा ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन त्वचेखाली द्यायचे. ६० ते ९० वर्षे वयाच्या ७,८६८ स्त्रियांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले: इंजेक्शनात औषधच नसलेल्या गटात मणक्यांचे नवे अस्थिभंग ७.२ टक्के स्त्रियांना झाले, औषधाच्या गटात २.३ टक्के; खुब्याच्या हाडाचे भंगही सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. २०१०मध्ये अमेरिकेत आणि युरोपात या औषधाला मान्यता मिळाली. ट्राफ, फॉस, इंटरफेरॉन यांतल्या कशालाही हात न लावता, केवळ एक रेणू अडवून, इतका परिणाम मिळतो. म्हातारपणी खुबा मोडून अंथरुणाला खिळणाऱ्या बाईला जाळ्याचा आराखडा नको असतो, बाई. तिला मोडणे थांबायला हवे असते.

डॉक्टरांचे हे बोलणे या संवादातील सर्वांत वजनदार बोलणे आहे, आणि त्याला कमी लेखून चालणार नाही. तरीही त्यात एक घसरण आहे: एखादी प्रक्रिया कशाने थांबते हे कळणे आणि ती कशाने घडते हे कळणे ही दोन वेगळी ज्ञाने आहेत. पहिल्या ज्ञानावर औषध उभे राहते. ते थांबवल्यावर काय होईल हे मात्र दुसऱ्या ज्ञानाशिवाय सांगता येत नाही.

प्राध्यापिका : ते इंजेक्शन थांबवल्यावर काय होते, डॉक्टर?

डॉक्टर : ते टाळायचे होते असे नाही. बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे हाडाला चिकटून राहतात, त्यामुळे ती बंद केली तरी परिणाम हळूहळू ओसरतो. डेनोसुमॅबचे तसे नाही. ते बंद झाले की रक्तातील झीजदर्शक खुणा पूर्वीच्या पातळीवर येऊन थांबत नाहीत, तिच्या वर उसळतात; मिळवलेली घनता एक-दोन वर्षांत जाते, आणि काही रुग्णांत एकाच वेळी अनेक मणके खचतात. पुढची तारीख चुकवलेल्या रुग्णांबाबत म्हणूनच इतकी काळजी घ्यावी लागते.

प्राध्यापिका : आज्ञा अडवली होती, तर ती पुन्हा सुरू झाल्यावर काम पहिल्या वेगाने सुरू व्हायला हवे होते. ते त्याहून अधिक वेगाने का व्हावे? २०२१मध्ये सिडनीच्या गार्व्हन संस्थेतील संशोधकांनी जिवंत उंदरांच्या हाडात डोकावून पाहिले तेव्हा दिसले, की अस्थिशोषक पेशी काम संपल्यावर मरूनच जातात असे नाही. त्या लहान लहान पेशींत विभागतात, मज्जेत व रक्तात फिरतात आणि पुन्हा एकत्र येऊन नवी अस्थिशोषक पेशी बनतात. त्यांना ऑस्टिओमॉर्फ असे नाव दिले गेले. रँक-एल अडवला असताना या पेशी साठत गेल्या, आणि अडथळा काढल्यावर त्यांच्या विलीनीकरणाला वेग आला. म्हणजे औषध चालू असते तेव्हा हाड शांत असते, पण ऐकणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या नसतात. त्या अनुज्ञेची वाट पाहत थांबलेल्या असतात आणि त्यांची संख्या वाढत असते. माणसातही नेमके असेच घडते का, हे अजून सिद्ध व्हायचे आहे, परंतु दवाखान्यात दिसणाऱ्या उसळीशी ते जुळते.

डॉक्टर : म्हणूनच डेनोसुमॅब थांबवायचे असेल तर त्याच्या मागोमाग झोलेड्रोनिक आम्लासारखे बिस्फॉस्फोनेट दिले जाते. ते हाडात साठते आणि हाड खाणाऱ्या पेशीच्या पोटात जाऊन तिला निकामी करते. अडचण वेळेची आहे. फार लवकर दिले तर खाणाऱ्या पेशीच नसतात आणि हाडाचा पृष्ठभागही निजलेला असतो, त्यामुळे औषध पुरेसे साठत नाही. उशीर झाला तर उसळी सुरू झालेली असते. शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे सहा महिन्यांनी ते द्यायचे आणि मग रक्तातील खुणा तपासत राहायचे, असा सध्याचा प्रघात आहे.

प्राध्यापिका : ती रक्ततपासणी नेमके काय मोजते?

डॉक्टर : कोलॅजेनचे तुटलेले तुकडे. म्हणजे जी पेशी हाड खात आहे तिचे काम तेवढे त्यात उमटते. जी अजून थांबलेली आहे ती त्यात दिसत नाही.